सातव्या मजल्यावरचं कुंड

दुपारचे चार वाजले होते आणि आमच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दीडशे माणसं तरी असतील. बायका पुढे, बाप्ये मागे, आणि मधोमध, निळ्या फरशीच्या गोल टबाच्या काठावर, भगवं धोतर नेसलेले कुशाबा महाराज. टबात कोमट पाणी बुडबुडत होतं, वर झेंडूच्या पाकळ्या गोल गोल फिरत होत्या, आणि जमलेल्यांपैकी निम्मे लोक उभ्या उभ्या अंग खाजवत होते.

"आई बोलतेय!" महाराजांनी डोळे फिरवले. "आई म्हणते, माझ्या विहिरीवर मजले चढवलेत! सहा मजले मोटारी ठेवल्यात, सातव्यावर उघडे होऊन डुंबताय! आईला काय दिसत नाही? तुमच्या गेटवरच्या कॅमेऱ्याची वायर तुटते, लाईट जाते. आईचा कॅमेरा चोवीस तास चालू!"

"आईऽऽ!" गर्दी म्हणाली.

"जिथं जिथं अंग झाकलंत, तिथंच आईनं बोट ठेवलंय. बघा, बघा आपापल्या अंगाकडे!"

आणि खरंच, पुरळ तिथेच होतं. पोटावर, मांड्यांवर, पाठीवर. पोहायच्या कपड्याखाली, ओल्या साडीच्या निऱ्यांखाली. लाल, टाचणीच्या डोक्याएवढे फोड, काहींच्या टोकाला पू. एक बाई रडायलाच लागली. तिच्या मागच्या चौघींनी लगेच तिची री ओढली.

मी भिंतीला टेकून उभी होते. मी लतिका. एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं दुसऱ्यांची थुंकी आणि रक्त तपासण्यात घालवून निवृत्त झालेली बाई. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. माझ्या अंगावर एकही फोड नव्हता, कारण त्या टबात मी कधी बोटसुद्धा बुडवलं नव्हतं. साऱ्या इमारतीत नास्तिक म्हणून बदनाम मी एकटी, आणि देवीनं कोपून नेमकं मलाच सोडलं! हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नव्हता.

या टबाची कथा थोडक्यात सांगते. लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. खाली सहा मजले गाड्या, सातव्यावर बाग, व्यायामशाळा आणि हा गरम पाण्याचा टब. बिल्डरच्या माहितीपत्रकात त्याचं नाव हॉट टब होतं, सहा माणसांसाठी. आमची माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची. गावाकडे जमिनीतून गरम पाणी येतं, त्या कुंडात बसलं की गुडघे मोकळे होतात आणि खरूज जाते, हे आम्ही पाळण्यात ऐकलेलं. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच टबाचं कुंड झालं. म्हाताऱ्या साडीसकट बसू लागल्या. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी फुलं सोडली. चाळीच्या विहिरीपाशी शेंदूर फासलेला एक दगड होता, आमचा राखणदार. बिल्डरनं त्याला गेटजवळ काचेच्या पेटीत बसवलं होतं. विहीर जिथे होती तिथेच वर हा टब आलाय असा शोध कुणीतरी लावला, आणि मग तर विचारूच नका.

दिवाळीची पहिली आंघोळ अख्ख्या इमारतीनं कुंडात केली. तेल लावून, उटणं चोळून, पाचपाच-सहासहाच्या खेपांनी. पाडव्याला पहिले फोड दिसले. भाऊबीजेपर्यंत साठ माणसं खाजवत होती, आणि त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी मेव्हण्यानं कुशाबा महाराजांना आणलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता ते कौल लावणार होते. तोच हा दिवस.

"कौल!" महाराजांनी हात वर केले. "आई रागावली असेल तर हळदीचं पाणी रक्ताचं होईल. नसेल तर जसंच्या तसं राहील. मग मला जोड्यानं मारा!"

हा प्रयोग मला ठाऊक होता. हळदीच्या पाण्यात चुना लागला की ते लाल होतं. चुना नखात लपवायचा आणि बोट बुडवायचं. गावोगावचे बुवा यावर पिढ्यान् पिढ्या जगले आहेत. मी गर्दीत कोपरं घालत पुढे गेले.

"महाराज, आधी हात धुवा. साबणानं. आणि मग नुसत्या पाण्यानं, चांगले खळखळून."

"ही कोण?"

"हात धुवायला सांगणारी. नखं दाखवा."

लोक कुजबुजले. महाराजांचा चेहरा क्षणभर पडला, पण तीनशे डोळे त्यांच्या बोटांवर होते. कोपऱ्यातल्या नळावर ते गेले. मी शेजारी उभी राहून त्यांची दहाही नखं काडीनं साफ करून घेतली. दोन नखांतून पांढरं निघालं. मी मनात म्हटलं, झालं, सापडलास गड्या. मग मीच घरून पातेलं आणि हळदीचा डबा आणला, मीच टबातलं पाणी भरलं, आणि मीच त्यात मूठभर हळद टाकून हातानं ढवळली. महाराजांचा हातसुद्धा लागू दिला नाही.

पाणी लाल झालं.

हळूहळू नाही, बघता बघता. गडद, कुंकवासारखं. माझा हात मनगटापर्यंत त्या लालात बुडालेला होता. कुणीतरी किंकाळी फोडली. मागच्या बायका गुडघ्यांवर बसल्या. मी महाराजांकडे पाहिलं, तर ते माझ्याहून जास्त घाबरले होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा चमत्कार त्यांच्याविना घडत होता.

पण अशी माणसं पटकन सावरतात. "बघितलंत? नास्तिकाच्या हातानं आईनं कौल दिला!" ते ओरडले. आता त्या ओरडण्यात खरी भीती होती, म्हणून ते जास्तच खरं वाटत होतं. "जिच्या अंगात आई सर्वांत जास्त उतरलीय ती पोर आणा! तिला पुन्हा कुंडात बसवा, आई आपणहून निघून जाईल!"

गर्दी दुभंगली आणि कमलवहिनी पुढे आली. माझ्या थोरल्या भावाची बायको. तिच्या खांद्यावर हिरव्या खणात गुंडाळलेली मनवा होती, तिची नात. नऊ वर्षांची.

मनवाला पाचव्या वर्षापासून मधुमेह आहे. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेते. तिचे वडील विनीत जहाजावर असतात. आई मेघना भाऊबीजेला वडाळ्याला भावाकडे गेली होती. फोड आलेत, उन्हातान्हात नको, म्हणून पोरीला आजीपाशी ठेवलं होतं. मी सकाळी फोन केला तेव्हा वहिनी म्हणाली होती, निजलीय, बरी आहे. मी त्यांच्या दोन मजले खाली राहते आणि मला जाऊन बघायचं सुचलं नाही. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

मनवाचं डोकं लुळं पडलं होतं. ओठ कोरडे, फुटलेले. ती श्वास घेत होती तो मी इस्पितळात पुष्कळदा ऐकला होता. खोल, जोरात, धावून आल्यासारखा. मी वाकले. तिच्या तोंडाला गोड वास येत होता, पिकून उतरलेल्या फळासारखा.

"देवीचो वास," वहिनी पुटपुटली. तिचे डोळे रडून सुजले होते. "सकाळपासून येता हा."

"वहिनी, इन्सुलिन दिलंस?"

वहिनीनं खण आणखी घट्ट गुंडाळला.

"वहिनी! सुई दिलीस का पोरीला?"

"देवी अंगात असताना सुई टोचूची नाय, लतिका. तुका माहीत नाय? आपल्या आयेन कधी सुई-दोरो हातात घेतलो देवीच्या दिवसांत? काल रात्रीपासून नाय दिलंय. म्हाराजांनी सांगल्यानी, डब्बोच उचलून ठेवलंय."

हो, मला माहीत होतं. आमच्या घरांत अंगावर ताप आणि पुरळ आलं की देवी आली म्हणायचं. फोडणी द्यायची नाही, शिवणकाम करायचं नाही, सुईला हात लावायचा नाही. देवीला टोचतं म्हणे. माझ्या आईनं हे पाळलं, तिच्या आईनं पाळलं. त्यांच्या घरात इन्सुलिनवर जगणारं पोर नव्हतं, एवढाच फरक.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि मेघना आली. हातात अजून ओवाळणीची पिशवी होती. तिनं गर्दी पाहिली, पातेल्यातलं लाल पाणी पाहिलं, मग मुलीला पाहिलं.

"आई, काय झालं हिला? तुम्ही तर फोनवर म्हणालात, इंजेक्शन दिलंय!"

वहिनीनं मान खाली घातली. मेघनानं पर्समधून साखर मोजायचं यंत्र काढलं. घाईत टोचणी दोनदा खाली पडली.

"खबरदार!" महाराज गरजले. "सुई लावलीस तर पोरीचे डोळे जातील! आईनं कौल दिलाय, पाणी रक्ताचं झालंय. या नास्तिक बाईनंच केलंय स्वतःच्या हातानं, विचार तिला!"

"विचार, विचार," गर्दीतून आवाज आले. कुणीतरी मेघनाचा दंड धरला. वाईट हेतूनं नाही. त्या सगळ्यांना खरंच वाटत होतं की ते पोरीला वाचवतायत. मला त्या महाराजापेक्षा या प्रेमाची जास्त भीती वाटली.

मेघना बँकेत अधिकारी आहे, शिकलेली मुलगी. पण तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत प्रश्न होता. "आत्या, पाणी लाल झालं खरंच? तुमच्या हातून?"

"झालं."

"का?"

चाळीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईला उत्तर सुचलं नाही. भीतीनं डोकं बधिर झालं होतं. खोटं काहीतरी ठोकून द्यावं असंही वाटून गेलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पाणी का लाल झालं ते मला आत्ता सांगता येत नाही. पण पोरीला काय झालंय ते येतं. तिच्या रक्ताचं विष होतंय, मेघना. तासाभरात सलाइन आणि इन्सुलिन मिळालं नाही तर ही हातची जाईल. टोच."

मेघनानं टोचलं. रक्ताचा थेंब यंत्राला लावला. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. आकड्याच्या पलीकडे गेलं की ते दोन इंग्रजी अक्षरं दाखवतं, 'हाय'. मेघनानं ती बघितली, दंडावरचे हात झटकले आणि मुलीला आजीच्या खांद्यावरून ओढून घेतलं. मागून महाराजांचा शाप ऐकू येत होता. लिफ्ट खाली यायला किती वेळ लागला ते आठवत नाही. टॅक्सीत मनवानं एकदा उलटी केली आणि मग ती हाकेला ओ देईनाशी झाली. लालबागहून परळ म्हणजे केवढं अंतर! पण त्या दिवशी ते संपत नव्हतं. मी देव मानत नाही. तरी त्या टॅक्सीत मी कुणाला तरी विनवत होते, हे इथे कबूल करते.

अतिदक्षता विभागाच्या दारातून तिला आत नेलं आणि दार बंद झालं. मेघना बाकावर बसली. मी हात धुवायला बेसिनवर गेले. हळदीनं पिवळेजर्द झालेले हात. साबण लावला आणि ते लाल झाले.

मी तशीच बघत राहिले. पांढऱ्या साडीवर हळदीचा डाग पडतो, साबण लागला की लाल होतो. माझ्या आईला माहीत होतं, कुठल्याही धुणं धुणाऱ्या बाईला माहीत असतं. चुना असो, साबण असो की सोडा, हळद त्यांना बघून लाल होतेच. मी चुना शोधत बसले होते महाराजाच्या नखांत. टबातल्या पाण्याकडे बघायचं मला सुचलंच नाही.

मी तिथूनच रामूला फोन लावला. आमच्या इमारतीचा टब, बाग, पाण्याच्या टाक्या सगळं रामू बघतो. पासष्टी उलटलेला माणूस. तरुणपणी गिरणीत कापड धुण्याच्या खात्यात बदली कामगार होता.

"रामू, टबात काय टाकतोस रे?"

"काय नाय ओ बाय. दिवाळीच्या आंघोळीनं तेलाचा तवंग आला ना जाड! मग सोडा टाकला धुण्याचा. गिरणीत तेच करायचो आम्ही. कोऱ्या कापडाचं तेल सोड्यानंच निघतं."

"किती?"

"हाताच्या अंदाजानं. रोज दोन-तीन वाटी. पाणी एकदम मऊ लागतं बघा."

"आणि जंतू मारायची पावडर?"

"ती बंद केली. डोळे झोंबतात म्हणून सगळे ओरडायला लागले. तुमच्या वहिनी बोलल्या, देवाच्या पाण्यात औषध कशाला घालतोस रे."

मी भिंतीला टेकले. सगळं तिथेच होतं. सहा माणसांच्या टबात दिवसाला शंभर माणसं. तेल, उटणं, फुलं, हळदकुंकू. जंतुनाशक पावडर होती नव्हती ती या घाणीनं खाऊन टाकली, आणि उरलीसुरली सोड्यानं निकामी केली; पुढे तर ती टाकणंच बंद झालं. पाण्यात सोडा फार झाला की ती पावडर असून नसल्यासारखी होते. वर पाणी छान कोमट. जंतूंना आणखी काय हवं? कुशाबाचा कौल खोटा नव्हताच. पाण्यात बिघाड आहे हेच ते पाणी लाल होऊन सांगत होतं, आणि आम्ही दीडशे माणसं हात जोडून उभे होतो.

दुसऱ्या दिवशी मी टबातल्या पाण्याचा आणि काठाच्या बुळबुळीत थराचा नमुना माझ्या जुन्या प्रयोगशाळेत नेला. मनवाच्या फोडातला पू डॉक्टरांनी आधीच तपासायला दिला होता. दोन दिवसांनी जंतू वाढवायच्या दोन्ही ताटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींत तोच जंतू, तीच हिरवी झाक. त्याचं नाव स्यूडोमोनास. तो कोमट, घाणेरड्या पाण्यात वाढतो आणि केसांच्या मुळांत शिरतो. ओलं कापड जिथे अंगाला चिकटून राहतं तिथे जास्त, म्हणून फोड झाकलेल्या अंगावर. धडधाकट माणसाचे आठ-दहा दिवसांत आपोआप जातात. मनवासारख्या मुलीला त्यानं ताप आणला, तापानं साखर चढली, आणि त्यात आम्ही तिची सुई काढून घेतली. जंतूनं तिला खाज दिली होती. मरणाच्या दारात तिला आम्ही नेलं.

चौथ्या दिवशी मनवानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मेघना तेव्हा पहिल्यांदा रडली.

त्या रविवारी त्याच सातव्या मजल्यावर सभा झाली. टब रिकामा होता. मी तीन पेले मांडले. एकात नळाचं पाणी, एकात नळाच्या पाण्यात चिमूटभर सोडा, एकात टब उपसण्याआधी भरून ठेवलेलं पाणी. तिन्हींत हळद टाकली. पहिला पिवळा राहिला, बाकीचे दोन लाल झाले. रामू मान खाली घालून बसला होता. त्याला मी सांगितलं, तुला कुणी शिकवलंच नाही, दोष तुझा एकट्याचा नाही. कुशाबा महाराज आले नाहीत. मनवाला इस्पितळात नेताच ते मागच्या जिन्यानं गेले होते, पिशवी विसरून. पिशवीत चुन्याच्या चार डब्या होत्या. पान-तंबाखू मात्र औषधालाही नव्हती.

लोक हसले. मला वाटलं, संपलं. मग मागून एक गृहस्थ उठले. "लतिकाताई, तुमचं विज्ञान बरोबर असेल. पण एक शांत करून घेऊ ना. आपलं काय जातंय? कशाला विषाची परीक्षा?"

आणि माना हलू लागल्या. पहिल्या रांगेतल्यासुद्धा. माझ्या अंगाची लाही झाली. मी तोंड उघडणार, तोच कमलवहिनी उठली. चार दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. इस्पितळाच्या जिन्यात बसून राहायची. मेघनानं तिला आत येऊ दिलं नव्हतं.

"आपला काय जाता?" ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की पंखे बंद करावे लागले. "माझा जाय होता. माझी नात जाय होती. देवीन काय्येक केल्यान नाय. ह्या हातान मिया तिचा औषध कपाटात ठेवलंय आणि चावी लावलंय. पोर पाणी मागी होता, मिया अंगारो लावी होतंय. सुनेक फोनार खोटा बोललंय. कोणाक शांत करूची आसात तर आधी माका सांगा, माझ्या ह्या हातांची शांत कशी करतल्यात?"

ते गृहस्थ खाली बसले. वहिनी उभीच राहिली, दोन्ही हात पुढे धरून, आणि मी जाऊन ते हात धरले. तिच्यावर माझा राग आहे, आजही आहे. पण एवढं भर सभेत बोलायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही.

त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही. जे बोलले ते इथे लिहिते. देव मानायचा त्यानं मानावा, राखणदाराला हार घालायचा त्यानं घालावा, मी आडवी येणार नाही. पण पोर आजारी पडलं तर आधी डॉक्टर. त्यानं लिहून दिलेलं औषध कुणाच्याही, अगदी देवीच्यासुद्धा, नावानं थांबवू नका. दहा जणांच्या अंगावर एकदम फोड उठले तर आधी विचारा, हे दहा जण काय प्यायले, काय खाल्ले, कुठे बुडाले. आणि उत्तर सापडत नसेल तर माझ्यासारखं म्हणा, मला माहीत नाही. त्यात कमीपणा नाही. माहीत नाही म्हणणारा माणूस शोधायला निघतो, आणि त्या अवधीत पोर इस्पितळात पोचतं.